बेंजो पार्टीत शिकलेली इंग्रजी

कामाचे अनुभव लिहावेत असं माझं वय नाही. अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी त्यांना हेच म्हणालो. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुळजापूरला कॉलेज करतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वडील मेंढरं राखतात. नोकरी अजून लागलेली नाही, मग अनुभव कशाचे लिहायचे?

ते म्हणाले, "तू बेंजो पार्टीत गातोस ना? ते काम नाही का?"

कॉलेजात मी हे फारसं कुणाला सांगत आलेलो नाही. पण अकरावीपासून दर लग्नसराईला मी हे काम केलेलं आहे. आणि इंग्रजीचे जे थोडेफार शब्द आज मला आपले वाटतात, ते मला वर्गात मिळालेले नाहीत. ते या कामात मिळाले. म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बेंजो पार्टी म्हणजे काय, ते आधी सांगतो. एक टेंपो असतो. त्याच्या हौद्यात स्पीकरच्या भिंती, जनरेटर, बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. ऑक्टोपॅड म्हणजे रबरी चौकोन असलेली पाटी. छडीनं मारलं की प्रत्येक चौकोनातून वेगळा ठोका निघतो. टेंपोच्या मागं रस्त्यावर हलगी आणि ढोल. आणि टेंपोच्या बाजूनं माईक घेऊन चालणारा गाणारा. तो मी.

लोकांना वाटतं गाणाऱ्याचं काम गाण्याचं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं काम म्हणजे मिरवणूक चालवणं. कुठल्या दारातल्या बायकांना नाचायचं आहे पण लाजतायत, विजेची तार कुठं खाली आली आहे, घोडा कधी बिचकायला लागला आहे, हे सगळं गाता गाता बघावं लागतं. कुणाच्या दारात जास्त थांबलो आणि कुणाच्या दारात कमी, यावरून भावकीत वर्षभर बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. मिरवणूक निघाल्यावर वाजवणं मध्येच बंद करायचं नाही. गाणं संपलं तरी हलगी चालू ठेवायची. मधेच सगळं गप्प झालं तर आमच्याकडं लोक त्याला अपशकुन समजतात.

पार्टी माझ्या मामाची. सोपानमामा बेंजो वाजवतात. तरुणपणी ते अणदूरच्या खंडोबाच्या जागरणात झील धरायचे. झील म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागं उभं राहून त्याची ओळ उचलायची. जागरणातला वाघ्या थोडं गातो, मग थांबतो आणि गायलेलं बोलून सांगतो. झीलकरी मध्येच विचारतात, "मग काय झालं?" आणि तो पुढचं सांगतो. मामांच्या डोक्यात गाण्याची रीत ही अशी बसलेली. आणि माझ्या इंग्रजीचा सगळा उगम याच रीतीत आहे.

सुरुवात ईट गावच्या एका हळदीत झाली. नवरदेवाच्या पुण्याच्या मित्रांनी एक इंग्रजी गाणं मागितलं. मला ते मोबाइलवर ऐकून पाठ होतं. अर्थ ठाऊक नव्हता, पण चाल पक्की होती. मी गायलो, पोरं नाचली. गाणं संपल्यावर नवरदेवाची आत्या हळदीचे हात पुसत मामांजवळ आली.

"का हो मास्तर, पोरगं छान गायलं. काय म्हणत हुतं त्यात?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. मामा म्हणाले, "इंग्रजी हुतं आक्का."

"ते कळलं की मला. काय म्हणत हुतं, ते इचारलालेव."

मामा बेंजो आवरायला लागले. परत येताना आम्ही टेंपोत होतो. धाराशिव मागं पडल्यावर मामा एकदम म्हणाले, "दत्ता, जागरणात आमी वाघ्याला इचारायचो, मग काय झालं? त्याला सांगता आलं न्हाय असं कधी झालं न्हाय. आज त्या बाईनं मला इचारलं अन् माझ्या तोंडात कायबी न्हाय."

मी म्हणालो, "मामा, इंग्रजी गाणी सगळीकडं अशीच वाजतात. अर्थ कुणी विचारत नाही."

"त्या बाईनं इचारला की."

त्या दिवसापासून मामांनी ठरवलं, अर्थ सांगितल्याशिवाय पार्टीत इंग्रजी गाणं बसवायचं नाही. आणि पार्टीत कॉलेजला जाणारा मी एकटाच.

मामांच्या गोठ्यामागं पत्र्याचं शेड आहे, तिथं आमची तालीम असते. इंग्रजी गाणं आलं की मी आधी ते देवनागरीत उतरवायचो, मग कॉलेजच्या ग्रंथालयातला शब्दकोश आणि मोबाइल घेऊन एकेक शब्द शोधायचो. मग तालमीत ओळ गायची, थांबायचं आणि मराठीत सांगायचं. हलगीवाले, ढोलवाले बिडी विझवून ऐकायचे. मामा बेंजो मांडीवर घेऊन विचारायचे, "मग?"

या "मग"नं मला फार छळलं आणि फार शिकवलं. परीक्षेत शब्दाचा अर्थ लिहिला की काम भागतं. मामांचं तेवढ्यानं भागायचं नाही. गाण्यात उशी आली तर कुणाची, पडदा आला तर कशाला ओढला, जिना चढला तर वर कोण होतं, हे त्यांना पाहिजे असायचं. मला पुन्हा गाण्यात जाऊन बघावं लागायचं. त्यामुळं पिलो, कर्टन, स्टेअर्स, शेल्फ, मिरर हे शब्द मला कधी पाठ करावे लागले नाहीत. ते कुठं ठेवलेले आहेत हे मला माहीत होतं. घरात वस्तू सापडावी तसे ते सापडायचे.

पार्टीतल्या लोकांनी तर ते लगेच वापरायला काढले. लोकांसमोर आपसात बोलायला आम्हाला खुणेचे शब्द लागतातच. सूर चढवायचा असला की मामा माझ्याकडं बघून "स्टेअर्स" म्हणायचे. आवाज मऊ करायचा असला की "पिलो". चहा अजून आला नाही हे यजमानांच्या समोर एकमेकांना सांगायला "केटल". एकदा एका यजमानांनी विचारलं, "केटल कोण हो?" ढोलवाला म्हणाला, "आमचा एक माणूस हाय, यायला उशीर करालाय." चहा मात्र लगेच आला.

या सगळ्यात एकाच माणसाला रस नव्हता, तो म्हणजे बाळू. आमचा ऑक्टोपॅडवाला. त्याच्यासारखा हात मी अजून कुणाचा बघितला नाही. पण मी अर्थ सांगायला लागलो की तो शेडच्या बाहेर जाऊन बसायचा.

"ए कॉलेज, झालं का तुझं कीर्तन? मला ताल सांग, बास. अर्थ खाऊन पोट भरतंय व्हय?"

बाळूचं चिडणं मला समजत होतं. गेली काही वर्षं आमच्या भागात डीजेनं बेंजोची कामं कमी केली. डीजेला गाणारा लागत नाही, हलगी लागत नाही. नळदुर्गच्या एका डीजेवाल्यानं बाळूला बोलावलं होतं. बटणं दाबायची, हात दुखत नाहीत. बाळू गेला तर पार्टी राहणार नव्हती. त्याच्या ताकदीचा दुसरा माणूस मिळणार नव्हता. मामांनी त्याला म्हटलं, "अण्णांच्या पोरीचं लगीन हुंदे. ते नीट पार पडलं तर ऱ्हा. न्हायतर तू जा अन् म्याबी टेंपो इकतो."

अण्णा म्हणजे अणदूरजवळच्या एका वाडीतले मोठे शेतकरी. त्यांची मुलगी ऋतुजा बंगळूरला नोकरीला. तिथंच तिनं लग्न ठरवलं. मुलगा केरळचा. त्याच्याकडच्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी दोघातिघांना जेमतेम. मुलाच्या मित्रांनी डीजे लावा म्हणून अण्णांना सुचवलं होतं. पण ऋतुजानं लहानपणापासून मामांच्या बेंजोवर लग्नं बघितलेली. ती म्हणाली, "परण्याला सोपानमामाच पाहिजेत." अण्णांनी आमच्यासाठी पाव्हण्यांपुढं शब्द टाकला.

परण्या म्हणजे लग्नाच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेण्याची मिरवणूक. पाव्हण्यांनी त्यासाठी तीन इंग्रजी गाणी मोबाइलवर पाठवली. त्यातलं तिसरं गाणं अवघड होतं. एक मुलगा बॅग घेऊन एका घराच्या जिन्यावर उभा आहे, दार ठोठावतो आहे, आणि आतल्या मुलीला दार उघड म्हणतो आहे. त्याला थंडी वाजते, त्याचे हात थरथरतात. सगळं गाणं एवढंच.

तालमीत मामा म्हणाले, "बॅग घेऊन आलाय म्हंजी, निघालाय का परत आलाय?"

मी म्हणालो, "परत आलाय. त्यात तसा शब्द आहे."

"मग? उघडलं का दार?"

"ते गाण्यात सांगितलेलं नाही, मामा."

"आरं, असलं कसलं गाणं? माणूस बाहेर कुडकुडालाय अन् गाणं संपलं?"

बाहेरून बाळू ओरडला, "उघडलं न उघडलं, आपल्याला काय करायचंय? तिची ती बघंल. ताल सांग."

लग्नाचा दिवस उजाडला. पाव्हणे गाडीतून उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की आज फक्त गाऊन भागणार नाही. मिरवणूक चालवायची तर नाचणाऱ्यांना सांगावं लागतं, आणि यातल्या निम्म्या लोकांना माझं मराठी कळणार नाही. मी वर्गात कधी इंग्रजीत एक वाक्य बोललेलो नव्हतो. सरांनी विचारलं की मी उभा राहायचो आणि बाकाकडं बघायचो.

पण माईक हातात असला की माणूस थोडा वेगळा असतो. घोडा निघाला, पाव्हणे भलतीकडंच वळायला लागले, आणि माझ्या तोंडून गाण्याच्या चालीवरच निघालं, "टर्न अराउंड!" ते वळले. मी चकित झालो. मग पुढं तार खाली आली तेव्हा "स्लो डाउन", घोड्याच्या जवळ पोरं गेली तेव्हा "स्टेप बॅक", फोटोसाठी "कम क्लोजर". तेव्हा मला कळलं की गाण्यांत माणसं सारखी एकमेकांना हेच सांगत असतात. थांब, वळ, जवळ ये, हळू, पुन्हा एकदा. मिरवणूक चालवायला आणखी काय लागतं?

सगळंच जमलं असं नाही. नवरदेवाच्या मावशीनं मला थांबवून काहीतरी विचारलं, त्यात 'लेंटिल्स' असा शब्द होता. मी डोक्यातली सगळी गाणी चाळली. कुठल्याही प्रियकरानं कुठल्याही मुलीला आजवर लेंटिल्स म्हटलेलं नव्हतं. शेवटी मी त्यांना आचाऱ्याकडं नेलं. त्यांनी पातेल्यात बोट दाखवलं. डाळ निघाली. गाण्यांतली माणसं कधी जेवत नाहीत, ही या शिक्षणातली मोठी उणीव आहे.

मिरवणुकीत नवरदेवाचे आजोबाही होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, लुंगीसारखं पांढरं मुंडू नेसलेले, काठी टेकत चालणारे. त्यांना चालवत नव्हतं म्हणून मामांनी आपल्या टेंपोच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवलं. मारुती काही लांब नव्हता. पाव्हण्यांना सांगितलं होतं, थोड्या वेळात दर्शन, मग लग्न, मग जेवण.

आता आमचा परण्या वेळेत पोचला असं कधी होत नाही. प्रत्येक दारात नवरदेवाला ओवाळायचं असतं. अण्णांची भावकी मोठी. त्यात नवरदेव परमुलखातला, म्हणून ज्यांचं नातं नाही त्यांनीही ताटं काढली. मामा प्रत्येक दारात थांबले, प्रत्येक घरच्या बायकांना नाचवलं. आम्ही सगळे खुशीत होतो, कारण काम रंगात आलं होतं. ऊन चढत होतं, आणि कुणाच्याही मनात आलं नाही की केबिनमध्ये एक म्हातारा माणूस बसला आहे, त्यानं जेवणाचा अंदाज धरून सकाळीच आपलं औषध घेतलेलं आहे.

मी ते तिसरं गाणं सुरू केलं. मुलगा जिन्यावर उभा राहिला, दार ठोठावायला लागला. माझ्या मागं हौद्यात बाळू वाजवत होता. त्यानं मान वळवली. पुन्हा वळवली. आणि वाजवता वाजवताच माझ्यावर ओरडला, "ए कॉलेज! कोण ठोकालंय रं? माझं न्हाय हे. तालात न्हाय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. एवढ्या आवाजात एक चुकीचा ठोका फक्त बाळूलाच ऐकू येऊ शकतो. तो केबिनच्या मागच्या काचेकडं छडी दाखवत होता. मी ओळ अर्धी सोडली, हलगीला खूण केली आणि पुढं पळालो.

आजोबा काचेवर बोटाची गाठ आपटत होते. ड्रायव्हर खाली उतरून घोड्यापुढची गर्दी हटवत होता. मी दार उघडलं. त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. ते काही म्हणाले, वाक्य मला कळलं नाही. शब्द कळले. शेकिंग. कोल्ड. मग हात तोंडाजवळ नेऊन, स्वीट.

हे तिन्ही शब्द मला येत होते. आणि म्हणूनच मी घाबरलो. थरथर, थंडी, गोड, हे शब्द मी गाण्यांत शेकडो वेळा म्हटलेले. तिथं त्यांचा अर्थ प्रेम एवढाच असतो. मी इंग्रजी शिकलो ती अशी, आणि आता एका म्हाताऱ्या माणसाचा जीव तिच्यावर टाकायचा? मी त्यांचा हात धरला. भर उन्हात तो गार होता आणि खरोखर थरथरत होता. आमच्या गल्लीतल्या एका काकांना साखरेचा त्रास आहे. एकदा उपाशी राहून ते असेच घामाघूम झाले होते.

मी मागं पळालो. "मामा, वाजवणं बंद करा."

मामांची बोटं बेंजोवर चालूच होती. "काय बोललालास?"

"म्हाताऱ्यांची साखर उतरलीय. गोड पाहिजे त्यांना. माणसं बाजूला झाली पाहिजेत. बंद करा सगळं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी आयुष्यात परण्या मध्येच बंद केला नव्हता. आजचं काम बिघडलं तर काय होणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अर्थ नक्की लागलाय का?"

मी म्हणालो, "लागलाय."

मामांनी हात वर केला. बेंजो थांबला, ऑक्टोपॅड थांबलं, मागून हलगी थांबली. सगळी गल्ली एकदम मुकी झाली.

मग एकच गलका. "वाजवा की! काय झालं? मेले का काय?" अण्णा गर्दीतून वाट काढत आले, तोंड लाल. "सोपान, माझ्या दारातला परण्या हाय हा. पाव्हण्यांम्होरं माझी इज्जत घालवलालास का?"

मामा म्हणाले, "अण्णा, आधी साखर आणा. मग माझ्या तोंडात मारा."

साखर लांब नव्हती. समोरच्याच दारात बाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, ताटात नवरदेवाच्या तोंडात घालायला साखरेची वाटी. कुणीतरी तांब्या आणला. मी साखर पाण्यात ढवळली आणि आजोबांच्या ओठाला लावली. ते घोट घोट प्यायला लागले, पण डोळे मिटत होते. मला त्यांच्याशी बोलत राहायचं होतं आणि माझ्याजवळ फक्त गाण्यांतलं इंग्रजी होतं. मी तेच बोलायला लागलो. माझ्याकडं बघा. डोळे उघडे ठेवा. माझा हात धरा, सोडू नका. मी इथंच आहे, मी कुठं जात नाही. एकेक ओळ कुठल्या ना कुठल्या प्रेमाच्या गाण्यातली होती. म्हणताना लाज वाटायला हवी होती. त्या वेळी वाटली नाही. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

नवरदेव घोड्यावरून उडी मारून आला. मारुतीच्या आधी नवरदेवानं उतरायचं नसतं, पण त्याला ते कोण सांगणार, आणि सांगून त्यानं ऐकलं नसतं. तो आजोबांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागला. ऋतुजाच्या मैत्रिणीनं पिशवीतून बिस्किटं काढली. हळूहळू घाम थांबला. आजोबांनी सगळ्यांकडं नजर फिरवली आणि गप्प उभ्या असलेल्या आमच्या पार्टीकडं बघून मला म्हणाले, "व्हाय डिड यू स्टॉप?"

हे पूर्ण वाक्य मला एका झटक्यात कळलं. उत्तर मात्र गाण्यांत सापडेना. मी म्हणालो, "यू नॉक्ड, सर."

ते हसले. मग काठीनं मामांना खूण केली, वाजवा.

मोडलेलं गाणं मध्येच उचलायचं नाही, ही मामांची रीत. आम्ही ते पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी आजोबा केबिनचं दार उघडं टाकून बसले होते आणि नवरदेवाची मावशी त्यांच्याजवळ. अण्णा टेंपोच्या बाजूनं माझ्या शेजारून चालत होते. वर हौद्याकडं बघून म्हणाले, "सोपान, राग मानू नगस." मामांच्या हातात बेंजो होता, त्यांनी नुसती मान हलवली. मारुतीपर्यंत पुढं एकाही दारात थांबलो नाही. भावकीतली दोन घरं त्यावरून अजून नाराज आहेत, आणि ती नाराजी मामा मोठ्या आनंदानं सोसतात.

जेवणाच्या पंगतीत आजोबांनी मला शेजारी बसवलं. खूप बोलले. मला निम्मं कळलं. माझं बोलणं मात्र तोकडं होतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं. गाण्यांनी मला शब्द दिले, पण निवांत गप्पा कशा मारायच्या ते शिकवलं नाही. काल काय झालं, उद्या काय होईल, हे नीट सांगता येत नाही. ते मला आता वर्गातच शिकावं लागणार आहे. मी आता वर्गात उभा राहिलो की बाकाकडं बघत नाही. चुकीचं का होईना, बोलतो. परवा सरांनी विचारलं, "हा शब्द तुला कुठून माहीत?" मी पहिल्यांदाच सांगितलं, "सर, मी बेंजो पार्टीत गातो." वर्ग हसला. सर हसले नाहीत. मलाही कमीपणा वाटला नाही.

पण मला सांगायचं होतं ते पार्टीचं. लग्नानंतरची पहिली तालीम होती. कोण येईल, कोण नाही, ठाऊक नव्हतं. हलगी आली, ढोल आला. मामा बेंजोच्या तारा जुळवत बसले होते. जुळलेल्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत होते. बाळूच्या ऑक्टोपॅडवर फडकं तसंच होतं. मी नवं गाणं काढलं, पहिली ओळ गायलो आणि अर्थ सांगायला थांबलो.

शेडच्या दारात बाळू उभा होता. छड्या काखेत. आत आला, ऑक्टोपॅडवरचं फडकं काढलं, आणि बाहेर न जाता तिथंच उकिडवा बसला. मामांनी तारांवरून नजर काढली नाही. मी पुढं बोलायला लागलो, तेवढ्यात बाळूनं हात वर केला.

"थांब रं कॉलेज. ते नवीन ऱ्हाऊ दे. आधी मला मागचं सांग." त्यानं छडी माझ्याकडं रोखली. "त्या पोरीनं दार उघडलं का न्हाय?"